व्हायोलेटबायच्या गच्चीवरचा दुधी

आमच्या बिल्डिंगला मजले सात. पण कोणी पाहुणा आला की मी त्याला आठ सांगतो. आठवा म्हणजे गच्ची, आणि गच्ची म्हणजे व्हायोलेटबाय. तिथे मायाळू आहे, मिरच्या आहेत, वांगी आहेत, अळूची पानं तर अशी की एखादं पोर लपवून ठेवावं. पाहुण्याला वर नेलं की तो आधी अळूकडे बघतो, मग खाली बोरिवलीच्या गर्दीकडे बघतो, आणि मग माझ्याकडे. जसं काही ते मीच लावलंय. मीही लगेच खुलासा करत नाही. थोडा वेळ घेतो.

मी जयवंत, मूळचा देवगडकडचा. शाळा गावातली, सातवीपर्यंतची. आमचे गुरुजी पाढे चुकले की शाळेमागच्या वाफ्याला पाणी घालायला लावत. माझे पाढे कच्चे राहिले, पण वांगी पक्की झाली. पुढे मुंबईत गिरणी, गिरणी गेल्यावर पुन्हा गाव, आणि आता म्हातारपणी मुलगा राजेश म्हणाला, बाबा, दोघं एकटे काय राहता, इकडे या. म्हणून मी आणि मालन इथे आलो. येताना मालनने गोणपाटात बांधून ओली आमसुलं आणली, आणि ती वाळवायची म्हणून मी पहिल्यांदा गच्चीवर गेलो.

गोणपाट पसरतोय तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोण ते? सरक बाजूला. माझ्या मायाळूवर सावली पडते."

वळून बघतो तर गुडघ्यापर्यंतचा फुलाफुलांचा गाऊन, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात पातेलं, आणि पातेल्यात मासळी धुतलेलं पाणी. वय माझ्याएवढंच. मी म्हटलं, "बाय, कोळंबी की बोंबील?"

तिने पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बोंबील. वासावरून कळलं?"

"नाही. तुमच्या हातावर काटा लागलेला नाही."

त्या दिवसापासून आमची ओळख. नवरा-बायको असतो तरी इतकं भांडलो नसतो, असं मालन म्हणते.

आता व्हायोलेटबाय कोण, ते सांगतो. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे ना, तिथे आधी रोझारिओंची वाडी होती. एक्सर गावठाणातलं जुनं ईस्ट इंडियन घर, म्हणजे मूळच्या मुंबईकर ख्रिस्त्यांचं. लग्न होऊन व्हायोलेटबाय त्या घरात आली तेव्हा अंगणात विहीर, विहिरीवर रहाट, आणि पुढे भेंडी, पडवळ, दुधी, गवार. नवरा कारखान्यात कामाला जायचा आणि परत आल्यावर रहाट ओढायचा. ही टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायची. "आमच्या घरात भाजी विकत आणली तर सासू म्हणायची, घरात कोणी मेलंय का," हे तिचं आवडतं वाक्य. नवरा गेला, भाऊबंदांनी जमीन बिल्डरला दिली, बिल्डिंग झाली, आणि हिच्या वाट्याला पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट आला. मुलगा ॲड्रियनने नवीन किचन करून दिलं. सगळं चकचकीत. ही पहिल्याच आठवड्यात मासळीवाल्याकडून थर्माकोलचे रिकामे खोके मागून आणून गच्चीवर मांडून मोकळी झाली.

खोक्यात माती कुठली? तर वाडीचीच. बिल्डरची माणसं पाया खणत होती तेव्हा हिने सिमेंटच्या गोणी भरभरून माती बाजूला ठेवून घेतली होती. ॲड्रियनला वाटलं आई आठवण म्हणून ठेवतेय. आठवण कसली. ती भेंडीसाठी होती.

मग गच्चीवर हळूहळू तुटकी बादली आली, रंगाचे डबे आले, कोणी टाकून दिलेला बाथटब आला. बाथटबात अळू. रंगाच्या डब्यात मिरची. पुदिना आणि पानओवा खिडकीतल्या ग्रिलमध्ये, गवती चहा पायऱ्यांच्या वळणावर. कांदे-बटाटे आणि मासळी सोडली तर बाजारात तिचं काम नाही. बिल्डिंगमध्ये कोणाला सर्दी झाली की ती पानओवा घेऊन हजर, आणि कोणाकडे ताक उरलं की ते तिच्या कढीपत्त्याला. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाने एकदा मिरच्यांचे पैसे देऊ केले तर म्हणाली, "पैसे झाडाला घालू? भाजीची देठं दे, सालं दे." तेव्हापासून सात मजल्यांची सालं वर जातात.

हे सगळं छान चाललं होतं. आता दुधीकडे येतो, कारण खरी गोष्ट दुधीची आहे.

तिची नात किम्बर्ली. गोड मुलगी, बँकेत काम करते, मला आजोबा म्हणते आणि माझ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकते. अशी माणसं कमी राहिली. तिचं लग्न ठरलं चेंबूरच्या मेलरॉयशी, नाताळानंतर, जानेवारीत. आणि यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी घरी मोठं जेवण असतं. मांडव पडतो, बँड लावून विहिरीवरून नवरीच्या न्हाणाचं पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, बायका नऊवारी लुगडी नेसतात, आणि मोठ्या टोपात लोणवस शिजतं. लोणवस म्हणजे दुधी घातलेलं मटण. मी आधी ऐकलं तेव्हा म्हटलं, दुधी? मटणात? व्हायोलेटबाय म्हणाली, "खाल्लंयस का? नाही ना? मग गप."

तर रोझारिओंच्या घरात लग्न असलं की त्या टोपात पडणारा दुधी वाडीतलाच असायचा. तिच्या स्वतःच्या लग्नात होता, नणंदांच्या लग्नात होता, ॲड्रियनच्या लग्नात होता. एकाच वेलाचं बी, दरवर्षी सासू राखेत घालून ठेवायची. सासू गेल्यावर हिने ठेवलं. बुटका, पोटाकडे फुगीर, मानेला बारीक असा तो दुधी. बाजारात तसा मिळत नाही. वाडी गेल्यापासून बी बरणीतच पडून होतं. बरणीच्या तळाशी उरलेलं सगळं बी व्हायोलेटबायने गणपतीनंतर टाकीजवळच्या एका मोठ्या खोक्यात पेरलं.

ॲड्रियन म्हणाला, "मम्मा, केटरर आहे ना. तो आणेल की दुधी."

"तो केटरर तुझ्या आजीला ओळखत होता?"

"मम्मा, दुधीला कोण ओळखतं?"

"हेच तर," ती म्हणाली, आणि विषय बंद केला.

बियांतलं बरंचसं कुजलं. एक कोंब मात्र वर आला, आणि आला तो असा की दिवाळीपर्यंत वेल पाण्याच्या टाकीवर चढला होता. पानं परातीएवढी. मी रोज सकाळी चहा झाला की वर. व्हायोलेटबाय आधीच तिथे असायची. कळ्या दिसायला लागल्या तेव्हा तिने मला गवती चहाचा कप पाजला, स्वतःहून. एवढी खूश.

पण दुधी काही धरेना.

रोज सकाळी जाऊन बघावं तर फुलं मलूल. पांढरा कागद पाण्यात भिजवून पिळावा तशी. मागे करंगळीएवढा कोवळा दुधी दिसायचा, दोन दिवसांनी पिवळा व्हायचा, तिसऱ्या दिवशी खाली. मी म्हटलं, खत कमी पडतंय. तिने मासळीचं पाणी वाढवलं. मुंग्या आल्या. मालन वर येऊन बघून गेली आणि म्हणाली, "नजर लागली हा." तिने काळ्या बांगडीचा तुकडा वेलाला बांधला. व्हायोलेटबायने त्याशेजारी छोटा क्रूस बांधला. आता नजरेला जायला दोन्ही वाटा बंद होत्या, तरी दुधी गळतच राहिला.

मग किम्बर्लीने मोबाइलवर व्हिडिओ शोधला. एक बाई लाल भोपळ्याचं नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला लावत होती. किम्बर्ली म्हणाली, "ग्रॅनी, एवढ्या वर भुंगे-बिंगे येत नसतील. आपणच करायचं." व्हिडिओतली बाई सांगत होती, सकाळी लवकर करा. मला एकदम पटलं, कारण आमच्या गावी भोपळ्याची पिवळी फुलं सकाळीच पसरलेली असत. झालं. आम्ही दोघं म्हातारे रोज सकाळी एक मलूल फूल दुसऱ्या मलूल फुलाला घासत बसलो. मिळालं काय? हाताला चिकट.

नोव्हेंबर सरत आला. व्हायोलेटबाय कमी बोलायला लागली. एकदा मी काहीतरी विनोद केला तर म्हणाली, "जयवंतभाऊ, वाडी गेली तेव्हा मी रडले नाही. मला वाटलं, माती आहे, बी आहे, काय गेलं? आता बी पण संपलं. बरणी धुवून ठेवली मी." मग तिने टाकीवरून उतरलेली वेलाची फांदी हळूच पुन्हा वर टेकवली. मी ती सुतळीने बांधून दिली.

आता आमच्या सोसायटीचा एक नियम आहे. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी गच्चीला कुलूप. पूर्वी कुठल्या तरी पोरांनी वर पार्टी केली होती, तेव्हापासून सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी तो नियम केला. वॉचमन नंदू अगदी वेळेवर कुलूप लावतो. आणि व्हायोलेटबाय संध्याकाळी वर नसतेच, कारण ती वेळ तिची रोझरीची. तिच्या हॉलमध्ये गावठाणातल्या चार-पाच बायका जमतात आणि प्रार्थना करतात.

एका संध्याकाळी मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी एकटाच वर गेलो. टाकीच्या मागे वाकून एक पिवळा पडलेला दुधी उचलत होतो. तेवढ्यात खाडकन आवाज. नंदूने दार लावलं. मी हाका मारल्या, पण तो कानात वायर घालून गाणी ऐकत जिने उतरतो. मोबाइल खाली चार्जिंगला. म्हटलं, जयवंता, आता बस.

बसलो. सूर्य गोराईकडे उतरला, खाली एकेक दिवा लागला, आणि माझ्यासमोर, अगदी हातभर अंतरावर, ती गुंडाळलेली कळी थोडी सैल झाली. मला वाटलं वारा. वारा नव्हता. बघता बघता ती पाच पाकळ्यांनी उघडली, पांढरीशुभ्र, मलमलीसारखी. मग दुसरी. मग टाकीच्या वर तिसरी. सगळा वेल पांढरा. ज्या फुलांना आम्ही आजारी समजत होतो ती रात्रपाळीची होती हो. सकाळी आम्ही जायचो तेव्हा ड्यूटी संपवून झोपलेली असायची.

मी एवढा हरखलो की सुटकेसाठी हाका मारायचंच विसरलो.

थोड्या वेळाने दार उघडलं. पुढे नंदू, मागे मालन, तिच्या मागे रोझरीची माळ हातात तशीच घेऊन व्हायोलेटबाय.

"खंय होतात तुमी?" मालन कडाडली. "सगळ्या बिल्डिंगीत शोधून इलंय मी. वॉचमनाक इचारलं, दूधवाल्याक इचारलं."

मी नुसतं वेलाकडे बोट केलं. मालन थांबली. व्हायोलेटबाय पुढे आली आणि फुलासमोर उभी राहिली.

"वाडीत," ती हळू म्हणाली, "संध्याकाळी वेलाखाली जाऊ द्यायची नाही सासू. साप असतो म्हणायची. प्रार्थनेला बसलं की खिडकीतून तिकडे पांढरं पांढरं दिसायचं. मी समजायची, चांदणं पडलंय."

तिकडे वाडीत फुलाला फूल लावायचं हे काम पतंग करायचे. रात्री येऊन, न सांगता. इथे सातव्या मजल्याच्या वर, वाऱ्यात, पतंग कशाला येतोय. म्हणजे काम आम्हालाच करायचं, आणि दिवेलागणीलाच. आणि त्याच वेळी कुलूप.

आम्ही दोघं चंद्रप्रकाश यांच्याकडे गेलो. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण नियम म्हटला की त्यांचा चेहरा सरकारी होतो.

"आंटी, रूल म्हणजे रूल. आज भोपळ्यासाठी उघडली, उद्या कोणी क्रिकेटसाठी मागेल, परवा बर्थडेसाठी. मी कोणाकोणाला नाही म्हणू?"

"भोपळ्यासाठी नको उघडू," व्हायोलेटबाय म्हणाली. "प्रार्थनेसाठी उघड. माझ्या हॉलमध्ये जागा पुरत नाही. आम्ही रोझरी वर करू. देवाला नाही म्हणशील का?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी वर छताकडे बघितलं.

"किती बायका आहेत?" त्यांनी विचारलं.

"म्हाताऱ्या आहेत सगळ्या. पार्टी करणार नाहीत."

मिळाली किल्ली. पण ती नंदूच्याच हातात, आणि पहिल्या दिवशी चंद्रप्रकाश स्वतः तपासायला वर आले. चटई पसरलेली, मेणबत्ती बरणीत लावलेली, बायका गोल करून बसलेल्या. "नमो मरिये" सुरू झालं. व्हायोलेटबाय बसली नव्हती. ओठांनी प्रार्थना चालू, एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात लांब देठाचं नराचं फूल. पाकळ्या मागे दुमडलेल्या. मागे करंगळीएवढा दुधी असलेलं मादीचं फूल शोधून ती त्याच्या तोंडाला हे असं टेकवायची, बाळाच्या ओठाला दुधाचा बोळा लावावा तसं. मग पुढचा मणी. मग पुढचं फूल. टाकीवरचं फूल तिला दिसेना, तर चंद्रप्रकाश यांनी मोबाइलचा टॉर्च धरला. सेक्रेटरी म्हणून नव्हे, तिथे अंधार होता म्हणून. दुसऱ्या दिवशीही आले. त्यांच्या आईला म्हणे मेथी लावायचीये, खोका कुठे मिळेल?

पहिले काही दुधी तरीही गळले. व्हायोलेटबाय रोज संध्याकाळी पुन्हा फूल घेऊन उभी. एका सकाळी मी वर गेलो तर ती एका पानाखाली डोकं घालून बसली होती. मला बोलावलं नाही, नुसता हात हलवला. पानाखाली दुधी होता. अंगठ्याएवढा, पण हिरवा, लव आलेली, आणि देठ घट्ट. हा धरला होता.

मग तो वाढला. वाढला म्हणजे काय वाढला. पोट सुटलं, मान बारीक राहिली, हुबेहूब ती सांगायची तसा. तिने त्याला जुन्या साडीची झोळी बांधली. ॲड्रियन नाताळच्या सुट्टीत वर आला, झोळीतल्या दुधीकडे बघून म्हणाला, "हा तर आपल्या वाडीचा." म्हणजे दुधीला ओळखणारे होते तर.

पण वेल थकला होता. त्या एका मोठ्यानंतर अगदी शेवटी आणखी एकच धरला, वीतभर, कोवळा. बाकी फुलं येत राहिली आणि जात राहिली.

लग्नाचा आदला दिवस आला. खाली मांडव, बँड, लुगड्यांची झुंबड. मालनही त्यांच्यात नाचून आली, ते तिने गावी कोणाला सांगितलेलं नाही. चुलीवर टोप चढला होता आणि केटररच्या माणसांनी बाजारच्या दुधीच्या फोडी करून ठेवल्या होत्या, कारण एका दुधीत एवढं गाव जेवणार नव्हतं. ते व्हायोलेटबायलाही ठाऊक होतं. तिला फक्त आपला त्यात पडायला हवा होता. ॲड्रियन सुरी घेऊन म्हणाला, "चल मम्मा, वर जाऊ."

आम्ही वर गेलो. ती, ॲड्रियन, किम्बर्ली हातभर हिरवा चुडा घालून, आणि मी. ॲड्रियनने मोठ्या दुधीची झोळी सोडायला हात लावला.

"तो नको," व्हायोलेटबाय म्हणाली.

"मम्मा, ह्याच्यासाठी तर सगळं केलंस."

"ह्याच्यासाठी केलं म्हणूनच. कापला तर संपला. बरणीत एक बी नाही." तिने झोळीची गाठ पुन्हा आवळली. "हा वेलावरच सुकू दे. खडखडला की काढू." आणि वीतभराच्या त्या लहानग्याकडे बोट केलं. "तो घे."

ॲड्रियन काही बोलणार होता. किम्बर्लीने त्याच्या हातातून सुरी घेतली आणि लहानगा दुधी स्वतः कापला. देठातून पाण्याचा थेंब आला, तो तिच्या चुड्यावर पडला. तिने पुसला नाही.

खाली येऊन व्हायोलेटबायने त्या दुधीच्या फोडी स्वतः केल्या आणि त्या ढीगभर फोडींबरोबर टोपात सोडल्या. केटररचा माणूस बघत राहिला. एवढ्याशासाठी म्हातारी एवढी का थांबली, त्याला कळेना.

मग जेवण. पत्रावळीवर फुग्या, म्हणजे यांचे तळलेले गोल पाव, आणि लोणवस. बातमी तोवर पसरलेली, त्यामुळे जो तो आपल्या वाट्यात शोधतोय. ॲड्रियन म्हणाला, माझ्या वाट्याला आला, चव वेगळी आहे. मेलरॉयच्या आईने आपली फोड उचलून दाखवली, हा बघा. प्रेमा म्हणाली तिला दोन आल्या. मीही एक फोड बोटाने बाजूला काढली आणि मालनला म्हटलं, "ही घे चाखून, रोझारिओंच्या वाडीची." मालन म्हणाली, "गप जेवा. रस्सो अंगावर सांडता हा."

किम्बर्ली आजीशेजारी बसली होती. तिने एक फोड पुढे केली. "ग्रॅनी, ही आपली का?"

व्हायोलेटबायने बघितलं. "आपलीच. खा."

थोड्या वेळाने मी वाढायला म्हणून तिच्याजवळ गेलो तेव्हा तिने मला खाली वाकायला लावलं. सगळीकडे फोडींवरून वाद चालू होता, बँड पुन्हा सुरू होत होता.

"जयवंतभाऊ," ती कानाशी म्हणाली, "कोवळा होता रे तो. टोप उतरायच्या आधीच विरघळला. त्याची फोड कोणाकडेच नाही." तिने फुगीचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि सावकाश खाल्ला. "भांडू दे त्यांना. आणखी रस्सा वाढ."